अण्णांच्या घड्याळाची दांडी

मिलिंद,

गुरुवारी सकाळी तू गेलास. मी तुझा टॉवेल आणि चष्मा हॉस्पिटलात न्यायला घरी आले होते. कुलूप उघडताना फोन वाजला. डॉक्टर बोलले. मी कुलूप परत लावलं आणि खाली उतरले.

टॅक्सीत बसल्यावर लक्षात आलं, चष्मा राहिला. मी म्हटलं, "भाऊ, जरा मागे वळवा." लालबागच्या सिग्नलला गाडी थांबलेली होती. त्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं. मग मीच म्हटलं, "नको, चला."

आज अठरा दिवस झाले. मला लिहायला वेळ लागतो, हे तुला माहीत आहे. कॉलेजच्या ग्रंथालयाचा वार्षिक अहवाल लिहायला मी महिना घ्यायची आणि तू टेबलावरून मान वर न करता विचारायचास, "ताई, किती झालं? अर्धं पान?" पण एक गोष्ट तुला सांगायची आहे आणि ती सांगायला मला दुसरं कोणी नाही.

तू दहावीनंतर गिरगावात वालावलकरांच्या दुकानात घड्याळं शिकायला बसलास. मी एम.ए. केलं. अण्णांची गिरणी तेव्हा बंद पडली होती. आपल्या दोघांपैकी एकालाच पुढे शिकता येणार होतं आणि ते कोणी, हे घरात कोणी ठरवलं नाही. तू एक दिवस आपणहून जाऊन बसलास. संध्याकाळी येऊन म्हणालास, "मला आवडलं तिथं. कोणी बोलत नाही." कित्येक वर्षं मी ते खरं मानलं. तू किती बडबड्या आहेस हे मला माहीत असूनही.

पुढे परळला एका इमारतीच्या जिन्याखाली तुझं काचेचं कपाट आणि स्टूल आलं. ती इमारत पाडली तेव्हा तू टेबल उचलून नायगावच्या आपल्या खोलीत आणलंस, खिडकीपाशी. आई गेलेली, अण्णा गेलेले, आपण दोघंच. रविवारी दुपारी तू डोळ्याला भिंग लावून बसायचास आणि मी पलंगावर पुस्तक उघडायची. "वाचू नको गं," तू म्हणायचास, "सांग." मग मी कादंबरी सांगायची. तू मध्येच अडवायचास. "थांब थांब. ही बाई म्हणजे त्या वकिलाची बायको ना? मग ती गप्प का बसली?" एखाद्या पात्राचा राग आला की तुझा चिमटा हवेत थांबायचा. ज्या पुस्तकांवर मी परीक्षा दिल्या ती आता मला नीट आठवत नाहीत. तुला सांगितलेली सगळी आठवतात.

अण्णांचं घड्याळ त्याच टेबलावर असायचं, एका वाटीखाली झाकलेलं. चावीचं, पांढऱ्या तबकडीचं. ते बनवणारी कंपनी कधीच बंद झाली होती. अकरा वर्षांपूर्वी अण्णा चाळीच्या जिन्यात घसरले. त्यांना काही झालं नाही, मनगट दगडी पायरीवर आपटलं आणि घड्याळ थांबलं. तू ते उघडून मला दाखवलंस. आत एक चाक असतं, सारखं इकडून तिकडे झुलणारं. त्याच्या पोटातून एक दांडी जाते. सुईच्या टोकाएवढी, आणि तिची दोन्ही टोकं केसापेक्षा बारीक. घड्याळ पडलं की आधी ती मोडते. "दुसरी घाल ना," मी म्हटलं. तू हसलास. "दुसऱ्या कंपनीची चालत नाही, ताई. ह्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलचीसुद्धा चालत नाही. ह्याचीच पाहिजे."

अण्णा शेवटपर्यंत ते बंद घड्याळ बांधून फिरले. चाळीत कोणी मुद्दाम विचारायचं, "काय अण्णा, वाजले किती?" ते म्हणायचे, "माझं रजेवर आहे. मिलिंद त्याला कामावर आणतोय." अण्णा गेले. तू शोधत राहिलास.

एकदा मला बरोबर घेऊन गेलास. शुक्रवारची पहाट, चोर बाजार, फुटपाथवर चादरीवर मांडलेली घड्याळं. एका म्हाताऱ्यानं एक पुढे केलं, "एकदम चालू है, देखो." तू ते कानाला लावलंस. "चालू तो आप भी हो चाचा, घडी की बात करो." तो खो खो हसला आणि त्यानं चादरीच्या कोपऱ्यातून बंद घड्याळांची पिशवीच काढली. तू त्यातली तीन निवडलीस आणि विचारलंस, "ये किसका था?"

"मरे हुए का था, और किसका?"

"नाम?"

"अरे, घडी ले रहा है या रिश्ता जोड रहा है?"

तुला नाव लागायचं. नाव नाही मिळालं तर जागा, जागा नाही तर पट्ट्याचा रंग. बंद घड्याळ सोडवून तू त्याचे सगळे भाग होमिओपॅथीच्या एका बाटलीत घालायचास आणि बाटलीभोवती चिठ्ठी गुंडाळून रबर लावायचास. शिरोडकर मास्तर. पोलीस क्वार्टरमधली मावशी. लाल पट्टा, शुक्रवार. कोणाकडून एखादा सुटा भाग मिळाला, तर त्याच्या बाटलीवर देणाऱ्याचं नाव. अशा शे-दीडशे बाटल्या बुटांच्या खोक्यांत होत्या. त्यातला एखादा भाग कोणाच्या घड्याळात गेला, की तू गिऱ्हाइकाला ते सांगितल्याशिवाय घड्याळ द्यायचा नाहीस. "आता तुमच्यात शिरोडकर मास्तरांची स्प्रिंग आहे हां. वेळेवर शाळेत पोचाल." लोक हसत हसत जायचे आणि परत यायचे.

मी मात्र त्या खोक्यांवर तुझ्याशी वर्षानुवर्षं भांडले. मी ग्रंथपाल. पुस्तकं वाचकाच्या नावानं लावतात का कुठे? स्क्रू स्क्रूंबरोबर, काटे काट्यांबरोबर, म्हणजे हवं ते पटकन सापडेल. तू म्हणायचास, "तुझी लायब्ररी वेगळी, माझी वेगळी." फारच मागे लागले तर म्हणायचास, "एका घरातली माणसं एका घरात राहू दे गं." मला वाटायचं, हा हळवेपणा आहे तुझा. धंद्यात असा हळवेपणा चालत नाही, असंही मी तुला एकदा सुनावलं होतं.

मग तुझी किडनी गेली, डायलिसिस सुरू झालं, आणि त्याच दिवसांत चाळीची खोली रिकामी करून द्यायची वेळ आली. तिथे टॉवर होणार होता. आपल्याला लालबागला भाड्याची खोली मिळाली. तुला ताप भरला म्हणून तीन आठवडे हॉस्पिटलात ठेवलं, आणि सामान मी एकटीनं बांधलं. तिथे तू मला म्हणालास, "घरी आलो की तुला एक गंमत दाखवायचीय." मी म्हटलं, "मलाही तुला दाखवायचीय."

माझी गंमत अशी होती. मी कप्प्याकप्प्यांचा एक मोठा प्लास्टिकचा डबा आणला. नव्या बाटल्या आणल्या. तू घरी यायच्या आत, सलग नऊ दिवस, मी तुझ्या शे-दीडशे बाटल्या पांढऱ्या कागदावर ओतल्या आणि चिमट्यानं वेगळ्या केल्या. मोठे स्क्रू. बारीक स्क्रू. चाव्या. काटे. चाकं. दांड्या. प्रत्येक बाटलीवर छापील अक्षरासारखी माझी चिठ्ठी. वालावलकरांचं नाव बऱ्याच बाटल्यांवर होतं. तेही मी ओतलं. जुन्या चिठ्ठ्या मळलेल्या, तेलकट झालेल्या होत्या. त्या मी एका पिशवीत भरल्या आणि कचऱ्याच्या गाडीत टाकल्या. इतकं मन लावून केलेलं दुसरं काम मला आठवत नाही.

तू आलास. डबा टेबलावर मांडून ठेवला होता. तू खुर्चीत बसलास आणि एकेका बाटलीवरची माझी चिठ्ठी वाचलीस. मग विचारलंस, "चिठ्ठ्या कुठायत?"

"कुठल्या?"

"त्या. जुन्या."

"टाकल्या. अरे, वाचतासुद्धा येत नव्हत्या."

"हां," तू म्हणालास. दांड्यांची बाटली उचललीस, उजेडात धरलीस, खाली ठेवलीस. मग माझ्याकडे बघून म्हणालास, "छान केलंस, ताई. आता कोणालाही सापडेल."

मी त्या दिवशी शिरा केला. मीठ, पाणी, साखर, सगळंच तुला मोजून असायचं, तरी दोन चमचे तुला दिला आणि तू खाल्लास. तुझी गंमत काय होती, हे विचारायचं मला सुचलंही नाही.

नंतर पाच आठवडे तू घरी होतास. डोळ्यांवर साखरेचा परिणाम झालेला, हातांना सूज. तरी रोज पंधरा-वीस मिनिटं टेबलाशी बसायचास, अण्णांच्या घड्याळावरची वाटी काढून, दांड्यांची बाटली कागदावर ओतून. मी विचारलं, काय करतोस? म्हणालास, "बघतोय तुझी लायब्ररी." मला बरं वाटलं. रविवारी मी कादंबरी सांगत होते आणि तू हं हं करत होतास, पण कोणाची बायको कोण, हे एकदाही विचारलं नाहीस. मला वाटलं, दमलास.

एका दुपारी मी अण्णांच्या घड्याळाचं विचारलं. तू म्हणालास, "नाही मिळाली गं. आता नाही मिळत तसली." आणि मी काय म्हणाले, ते मला इथे लिहिलंच पाहिजे. मी म्हणाले, "अकरा वर्षं झाली. एवढीशी काडी तुला मिळत नाही? माणूस गेला वाट बघून."

तू भिंग डोळ्याला लावलंस आणि मान खाली घातलीस.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी वस्तीतली माणसं आली, जय भीम घालून बसली. वंदना झाली. सगळे उठल्यावर वालावलकर मागे राहिले. ऐंशीच्या पुढचे आहेत, तुला ठाऊकच आहे, दोन जिने चढताना तीनदा थांबले होते. तुझ्या टेबलाजवळ गेले आणि तो डबा पाहून उभेच राहिले.

"ह्या कोणी केलां?"

"मी," मी म्हटलं. सवयीनं थोड्या अभिमानानंच म्हटलं.

ते खुर्चीत बसले. एक बाटली हलवून पाहिली. "बाय," ते म्हणाले, "तुला एक विचारू? चार घरांतल्या वह्यांची पानं सोडवून तू एकाच दोऱ्यात ओवलीस, तर कुठलं पान कुठल्या वहीचं ते कसं कळणार?"

मला तरीही कळलं नाही. मग त्यांनी मला शांतपणे सांगितलं. हे सगळे स्क्रू मला सारखे दिसतात, पण एका घड्याळाचा स्क्रू दुसऱ्याच्या भोकात बसत नाही. बाटलीवरचं नाव हीच त्यांची एकमेव खूण होती. नाव गेलं की भाग कशाचा, हे सांगणारं कोणी उरत नाही. "असूं दे," ते म्हणाले. "निदान अण्णांचं घड्याळ तरी चालू झालं ना? मिलिंदला भारी घाई होती."

"नाही," मी म्हटलं. "दांडी मिळाली नाही."

"मिळाली नाही कशी? मीच दिली. माझ्या गुरूच्या वेळचा न वापरलेला माल होता, त्यात निघाली. तो ॲडमिट होण्याच्या आदल्या दिवशी घेऊन गेला. दुकानात नाचायचाच बाकी होता. म्हणाला, हाताला सूज आहे, घरी आलो की निवांत बसवतो. ताईला आधी सांगणार नाही, चालू करून हातावर बांधणार."

म्हणजे ती दांडी असलेली बाटलीही मी बाकीच्यांत ओतली होती.

वालावलकरांनी तुझ्या टेबलाचा खण ओढला. आत रक्ततपासणीच्या रिपोर्टचं एक जुनं पाकीट होतं. त्यावर तुझ्या अक्षरात लिहिलेलं होतं: ह्या नाहीत. खाली एकेका तारखेसमोर बारीक उभ्या रेघा. काही दिवशी पाच, काही दिवशी एकच. शेवटच्या ओळीतल्या रेघा सरळ नव्हत्या. आम्ही मोजल्या. त्रेसष्ट. पाकिटात दांड्याही त्रेसष्ट. बाटलीत नऊ उरल्या होत्या.

मिलिंद, तू मला ओरडायला हवं होतंस. लहानपणी माझ्या हातून तुझी पतंगाची फिरकी जिन्यावरून खाली गेली तेव्हा तू चार दिवस माझ्याशी बोलला नव्हतास. तेवढा तरी राग यायला हवा होता. अरे, माझे डोळे चांगले आहेत. मी एकेक दांडी चिमट्यानं उचलून तुझ्या भिंगाखाली धरली असती. तू नुसती मान हलवली असतीस तरी चाललं असतं. दोघांनी मिळून ते आठवड्यात झालं असतं. पण मग मी काय केलं, हे तुला मला सांगावं लागलं असतं. तू त्यापेक्षा एकट्यानं शोधणं पत्करलंस. सूज आलेल्या बोटांनी, समोर मी शहाण्यासारखी कादंबरी सांगत असताना. आणि वर मी तुला तो टोमणा मारला, तोही तू घेतलास.

ह्यात तुझं चांगुलपण होतं, हे मला समजतं. पाच आठवडे तू मला सुखात ठेवलंस. त्याबद्दल मी तुझी ऋणी आहे, आणि त्याचाच मला राग आहे. दोन्ही एकाच वेळी कसं असू शकतं, हे मी इतकी पुस्तकं वाचून शिकले नव्हते. शाळेच्या वेळी तू हेच केलंस. "मला आवडलं तिथं." "छान केलंस, ताई." माझ्यासाठी काही सोडलंस की तू ते असं सांगायचास, जणू तुला ते नकोच होतं. आणि मी दर वेळी विश्वास ठेवला, कारण ठेवणं सोयीचं होतं.

गेल्या आठवड्यापासून मी जुन्या चिठ्ठ्यांवरची नावं आठवून कागदावर लिहिते आहे. एकवीस झाली. पुढे जात नाही. नावं आठवली तरी कुठला भाग कोणाचा हे आता कळणार नाही, पण तू ती इतक्या लोकांना विचारून मिळवली होतीस. ती कुठेतरी लिहिलेली असावीत, एवढंच.

परवा मी अण्णांचं घड्याळ आणि ती बाटली घेऊन गिरगावात गेले. वालावलकरांनी नऊ दांड्या काळ्या कापडावर ओळीनं मांडल्या आणि खूप वेळ भिंगातून पाहिल्या. मग भिंग काढून डोळे पुसले.

"माझ्या नजरेला आता सगळ्या सारख्याच दिसतात गो. तू काय सांगतेस? एकेक लावून बघू? पण आधी ऐक. ही दांडी चाकात ठोकून बसवायची असते. चुकीची ठोकली की चाकाचं भोक वाढतं. मग खरी मिळाली तरी ती धरायची नाही. आणि माझा हात बघ." त्यांनी हात पुढे केला. तो हलत होता.

"मिलिंदला ओळखता आली असती?" मी विचारलं.

"त्याला? अंधारातसुद्धा." मग म्हणाले, "बोल बाय. ठोकू?"

मी त्या नऊ दांड्यांकडे पाहिलं. नऊपैकी एक. तू असतास तर म्हणाला असतास, ठोका काका, होऊन जाऊ दे. की म्हणाला असतास, थांबा? तुझं उत्तर मला ओळखता आलं नाही. साठ वर्षं एका घरात राहून आलं नाही.

"नको," मी म्हटलं.

त्यांनी दांड्या एकेक करून बाटलीत घातल्या, बूच लावलं, आणि घड्याळ कागदात गुंडाळून माझ्या हातात दिलं. दुकानातून बाहेर पडताना मी रडले. घरी येऊन पुन्हा रडले नाही.

आता खोलीत तुझं टेबल खिडकीपाशी आहे. अण्णांचं घड्याळ बंद आहे. पाकिटात तू नाकारलेल्या त्रेसष्ट दांड्या आहेत आणि बाटलीत नऊ. त्या नवांमधली एक तू आणलेली आहे.